गव्हाणचं लुगडं

सुकापुरात मैनाच्या दुकानाचा पत्ता विचारला तर लोक पाटी सांगत नाहीत. "सरळ जा, बाईमाणसाचा ओरडण्याचा आवाज आला की थांबा," असं सांगतात. यात अतिशयोक्ती फारशी नाही. मैना रागीट आहे, आणि आपण रागीट आहोत याचं तिला काडीचंही वाईट वाटत नाही. ज्या जगात लोक चांगल्या सुती कापडाला सेफ्टीपिना टोचतात, त्या जगात शांत राहणाऱ्या माणसांचाच तिला संशय येतो.

दुकान म्हणजे एका सोसायटीच्या तळमजल्यावरचा अरुंद गाळा. आत जुने कपडे आणि जुन्या वस्तू, सगळं भाड्याने द्यायचं. बांबूची इरली, घोंगड्या, पितळी बटणांचे कोट, कुणा निवृत्त वनरक्षकाचे खाकी शर्ट आणि त्याचेच जाड तळव्यांचे बूट, कॅनव्हासच्या फौजी पिशव्या, रुंद चामडी पट्टे, कमरेला कोयता अडकवायच्या लाकडी आकड्या. नेऱ्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी जी फार्महाउसं उठली आहेत, तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात. त्यांना म्हणे 'रस्टिक' दिसायचं असतं. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी चिखलात पाय घातला नाही त्यांना, आणि ज्यांचा बाप कालपरवापर्यंत चिखलातच उभा होता त्यांनाही. या सगळ्यांना मैना सजवते.

आणि सजवते ती अशी की बघत राहावं. एकदा ट्रेकचे कपडे विकणाऱ्या एका कंपनीची मुलगी आली. डोक्याला फेटा, नाकात नथ, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि गळ्यात चार माळा, असा सगळा बाजार एकदम अंगावर. मैनाने तिला दारातच अडवलं. "शाळेचं गॅदरिंग आहे का?" तिने विचारलं आणि सगळं उतरवायला लावलं. मग खाकी शर्ट दिला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत अशा दुमडल्या की रंग न उडालेली आतली बाजू दिसावी. त्यावर रुंद पट्टा, पट्ट्याला मागे आकडी, आणि बस्स. मुलगी आरशासमोरून हलेना.

"अंगावर एकच जुनी वस्तू बोलली पाहिजे," मैना म्हणाली. "बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं."

तिचा दुसरा नियम याहून कडक. पिन नाही, टाका नाही, कात्री तर नाहीच नाही. सैल असेल तर गाठ मारायची, लांब असेल तर दुमडायचं, आखूड असेल तर दुसरं शोधायचं. पनवेलला एका लेडीज टेलरकडे अकरा वर्षं काजं-बटणं करून तिला एवढं नक्की कळलं होतं, की कापलेलं कापड परत लांब होत नाही. तिच्या गाठी बघायला फोटोवाले मान वाकडी करून उभे राहतात. कमरेवरची गाठ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, ते त्यांना सापडत नाही.

गाळ्याच्या मागच्याच खोलीत मायलेकी राहतात. तिथे दोन पत्र्याच्या पेट्या आहेत. एक मैनाची, भाड्याच्या लुगड्यांची. दुसरी तिच्या आईची, सखूबाईंची. तिला हात लावायचा नाही.

सखूबाई मूळ गव्हाणच्या. पंचक्रोशीत नावाजलेल्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात जी बाई धवले गाते आणि गाता गाता विधी पुढे नेते, ती धवलारीण. लग्नघर तिला मानाचं लुगडं देतं. सखूबाईंचा शिरस्ता असा, की ते लुगडं त्या लग्नात एकदा नेसायचं आणि घडी घालून ठेवायचं. त्याच घरात पुढचं लग्न निघालं की पुन्हा तेच नेसून मांडवात उभं राहायचं. घरच्या बायका ते बघतात, ओळखतात, कुणी दिलं होतं ते आठवतात, गेलेल्या म्हाताऱ्यांची नावं निघतात. सखूबाईंना अक्षर येत नाही, म्हणून प्रत्येक लुगड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याची एक खूण. गव्हाणच्या गोदूबाईंच्या घराची खूण म्हणजे चार टाक्यांचा चौकोन, कारण त्या घराचं मिठागर होतं.

मैना सात वर्षांची असल्यापासून आईच्या मागे उभी राहून ओळ झेलते. धवलारणीने ओळ म्हटली की मागच्या बाईने ती जशीच्या तशी उचलून परत म्हणायची. शब्द बदलायचा नाही आणि ओळ खाली पडू द्यायची नाही. ओळ पडली तर त्याचं अरिष्ट नवरीवर येतं, असं मानतात. घसा बसलेला असो की अंगात ताप असो, ओळ उचलायचीच. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही असं मैना दुकानात मोठ्याने सांगते, पण आजवर तिने एकही ओळ पाडलेली नाही.

हल्ली लोक धवले मोबाईलवर लावतात. स्पीकरला जोडलं की झालं, म्हातारीला गाडी पाठवा, चहा विचारा, ही कटकट नाही. तीन वर्षांत सखूबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. म्हणून माघात गव्हाणहून किशोरी स्वतः सुकापूरला आली, तेव्हा घरात सणासारखं वाटलं. किशोरी म्हणजे गोदूबाईंची सून. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिच्या लग्नात सखूबाईच गायल्या होत्या. आता तिची एकुलती एक लेक समीक्षा हिचं लग्न ठरलं होतं, वैशाखात.

"काकी, माज्या मांडवात तूच व्हतीस," किशोरी म्हणाली. "समीक्षाच्या पन तूच पायजेस. गोदूबाई नाय आता, पन तिचं लुगरं तरी येऊ दे."

त्या दिवसापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सखूबाई रोज सकाळी चूळ भरून झाली की खिडकीशी बसून गुणगुणायला लागल्या. मैना त्यांच्यावरही ओरडायची, "आये, घसा ठेव लग्नाला!" पण ते ओरडणं निराळं होतं.

आणि मग फाल्गुनात शार्दूल आला. शार्दूल हा स्टायलिस्ट. म्हणजे मैना जे करते तेच तो करतो, फक्त त्याच्याकडे टॅबलेट आहे आणि मैनाकडे स्कूटर. त्याने मैनाची पेटी सगळी उपसली. एकेक लुगडं उचलायचं, उजेडात धरायचं आणि नाक मुरडून खाली ठेवायचं.

"ताई, हे सगळं भाड्याचं वाटतं," तो शेवटी म्हणाला. "मला खरं जुनं पाहिजे. तुमच्याकडे नसेल तर तसं सांगा, मी पुण्याहून मागवतो."

झालं. दुसऱ्या कुणाला हे लागलं नसतं, मैनाला अगदी वर्मी लागलं. माझ्याकडे खरं जुनं नाही? ती ताडकन उठली, मागच्या खोलीत गेली आणि जिला हात लावायचा नाही ती पेटी तिने उघडली. सखूबाई तेव्हा शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. वरच, लिंबाच्या पाल्याखाली, गव्हाणचं लुगडं होतं. जांभळं, लाल काठाचं, आणि अठ्ठावीस वर्षं एकाच घडीत राहिल्याने घडीच्या रेघांवर रंग उडून फिका झालेला. असा फिकेपणा चहाच्या पाण्यात बुचकळून येत नाही. शार्दूलचे डोळेच मोठे झाले.

"कापायचं नाही," मैनाने सांगितलं. "पिन लावायची नाही. दोन दिवसांत परत." तिने हे तीनदा सांगितलं. एरवी ती स्वतः जाऊन नेसवते, पण त्याच दिवशी सुकापुरातल्या एका हळदीत तिला चाळीस माणसं सजवायची होती. लग्नाला अजून दीड महिना आहे, असा तिने मनाशी हिशेब केला. दुकानातून बाहेर पडताना शार्दूल "डोन्ट वरी, ताई" म्हणाला. हे दोन शब्द मैनाला पुढे फार दिवस आठवायचे होते.

दोन दिवसांचे दहा झाले, दहाचे तीस. फोन केला की लुगडं कधी ड्रायक्लीनिंगला असायचं, कधी ठाण्याच्या ऑफिसात. चैत्र गेला. रविवारी मांडव, आणि आधीच्या गुरुवारी दुपारी एक कुरियरवाला रेशमी फितीने बांधलेली कागदी पिशवी देऊन गेला. मैनाने फीत सोडली. आत जांभळे रुमाल होते, एकावर एक, कडक इस्त्रीचे. तिने पहिला उचलला, दुसरा उचलला. चौथ्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचा चार टाक्यांचा चौकोन होता.

ओरडण्यासाठी प्रसिद्ध असलेली बाई त्या वेळी ओरडली नाही. तिने पिशवी स्कूटरला अडकवली आणि शटर ओढून ती नेऱ्याच्या रस्त्याला लागली. शार्दूल त्या दिवशी कुठे आहे हे तिला माहीत होतं, कारण त्या शूटलाही सामान तिचंच गेलं होतं.

फार्महाउसमागच्या कापलेल्या शेतात गवताच्या भाऱ्यावर एक जोडपं बसलं होतं. नवऱ्या मुलाच्या कमरेला मैनाचा पट्टा, मुलीच्या खांद्यावर मैनाची घोंगडी. मैना सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत गेली.

"हे काय आहे?" तिने पिशवी शार्दूलच्या छातीवर आपटली.

"अरे मैनाताई! मस्त झालंय ना? इस्त्री पण करून घेतली."

"कापायचं नाही, असं तीनदा सांगितलं होतं."

"ताई, ऐका ना. नऊ वार कापड आहे ते, एवढं मोठं फ्रेममध्ये जड दिसतं. त्यांचा नऊ जणांचा ग्रुप होता, नऊ स्कार्फ केले. कुणाच्या डोक्याला, कुणाच्या गळ्यात, कुणाच्या टोपीला. सगळा लूक एकत्र आला. आणि आम्ही नाही हो कापलं, क्लायंटने स्वतः कापलं. तिलाच सुचलं. त्याचा तर आम्ही व्हिडिओपण केला." त्याने टॅबलेट पुढे धरला.

व्हिडिओत समीक्षा होती. गव्हाणच्या किशोरीची समीक्षा, हातात मोठी कात्री, हसत हसत कापड कापत असलेली. पुढच्या फोटोत लुगड्याचा पदर तिच्या डोक्याला बांधलेला, आणि शेजारी तिचा होणारा नवरा आर्यन, गळ्यात जांभळा रुमाल आणि तोंडात गवताची काडी.

"तो पदर तिने ठेवून घेतला, आवडला म्हणून," शार्दूल म्हणाला. "म्हणून पिशवीत आठच आहेत."

"हे तिच्या आजीने दिलेलं लुगडं आहे," मैना म्हणाली. "तिच्या सख्ख्या आजीने, तिच्या आईच्या लग्नात."

शार्दूलने टॅबलेट खाली केला. मग म्हणाला, "वॉव! ताई, काय स्टोरी आहे! आधी का नाही सांगितलं? कॅप्शनला काय कमाल गेलं असतं!"

इथे मात्र मैनाचा बांध फुटला. रागात तिची पनवेलची भाषा गळून पडते आणि गव्हाणची वर येते. "तुज्या कॅप्शनला आग लागो!" ती ओरडली. "माजी आय काय तुजा कॅप्शन हाय? ही घोंगरी माजी. काढ गो पोरी. हा पट्टा माजा. हे बूट माजे. सगला उतरवा, आत्ताच्या आत्ता!" आणि तिने खरोखरच सगळं उतरवून घेतलं. घोंगडी, पट्टा, बूट, फौजी पिशवी, झाडाला टांगलेलं इरलंसुद्धा. नवरा मुलगा अनवाणी, दोन्ही हातांनी पँट धरून त्या ढेकळांत उभा राहिला. ती आता खरी रस्टिक दिसत होती, ही जोडी. पण तसं म्हणायला मैना थांबली नाही.

परतताना स्कूटरवर तिने आधी शार्दूलला शिव्या घातल्या, मग समीक्षाला. एवढी शिकलेली पोर, लुगडं फाडताना हात कसा थरथरला नाही? सुकापूर येईपर्यंत तिचा घसा दुखायला लागला होता.

घरी सखूबाई मागच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. पेटी उघडी होती. लिंबाचा पाला एका बाजूला काढलेला.

"गव्हानचं लुगरं कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मैनाने रुमालांची पिशवी समोर ठेवली आणि सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. फोटोवाला कसा चोर आहे, समीक्षा कशी निर्लज्ज आहे, किशोरीने पोरीला काय वळण लावलं. सखूबाई एकेक तुकडा जमिनीवर मांडत होत्या, काठाला काठ लावून. शेवटी पदराच्या जागी नुसती फरशी उरली.

"कात्री समीक्षानं लावली," त्या म्हणाल्या.

"तिनंच! लाज नाय, शरम नाय..."

"तिला म्हाईत व्हतं, कुनाचं हाय?"

"नाय," मैना म्हणाली.

"त्या फोटोवाल्याला?"

"नाय."

"तुला?"

सखूबाईंनी पेटीचं झाकण बंद केलं. आवाज मोठा झाला. आयुष्यात त्यांनी लेकीवर हात उगारला नव्हता, पण तो आवाज मैनाच्या कानशिलात बसला.

"मी जोडून देते, आये," थोड्या वेळाने मैना म्हणाली. "आतून बारीक टाका घालते. कुनाला दिसनार नाय."

"दिसनार नाय?" सखूबाई पहिल्यांदाच चिडून बोलल्या. "कुनाला दिसू नये म्हनून नेसू मी? टाका नको. तू लोकांना सांगतंस ना, गाठ मारा म्हनून? मार. सगल्यांना दिसेल अशी मार."

मैनाने आठ तुकड्यांना सात गाठी मारल्या. इतक्या बेढब गाठी तिने उभ्या जन्मात मारल्या नसतील. राग नेमका कुणावर काढायचा ते तिला कळत नव्हतं.

रविवारी सकाळी गव्हाणला मांडवाच्या तोंडाशीच भला मोठा फ्लेक्स लावला होता. डोक्याला जांभळा पदर बांधलेली समीक्षा, गळ्यात जांभळा रुमाल घातलेला आर्यन, मागे सुकलेलं शेत. खाली मोठ्या अक्षरांत 'नातं मातीशी'. मैनाने वाचलं आणि दात आवळले. सखूबाईंना वाचता येत नव्हतं, पण फोटो दिसत होता. त्या फ्लेक्ससमोर चांगल्या दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि मग मांडवात शिरल्या.

मांडवातल्या बायकांचं बोलणं एकेक करत थांबलं. सखूबाईंनी लुगडं जुन्या पद्धतीने गुडघ्यापर्यंत, घट्ट काष्ट्याने नेसलं होतं. कमरेवर गाठ, मांडीवर गाठ, पाठीशी दोन गाठी, भाकरीच्या गोळ्याएवढ्या. पदर नव्हताच. खांद्यावर साधा पांढरा पंचा टाकला होता. किशोरी हातातलं ताट तसंच धरून धावत आली.

"काकी, ह्ये काय नेसलंस? मी तुज्यासाठी नवीन आनलंय ना, आत चल, बदल."

"तुज्या सासूचं लुगरं हाय," सखूबाई म्हणाल्या. "पदर तुज्या लेकीच्या डोक्यावर हाय. जा, भायेर फोटोत बग."

किशोरीने गाठींकडे पाहिलं, मग मांडवाच्या तोंडाकडे, मग पाटावर बसलेल्या समीक्षाकडे. समीक्षा पिवळ्या साडीत होती. तिने आधी काही न कळून आईकडे पाहिलं, मग सखूबाईंच्या कमरेकडे, आणि तिच्या गालांवरचा रंग उतरला. मैना आईच्या मागे तिच्या नेहमीच्या जागी उभी राहिली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. भोगा आता, असंच तिच्या मनात आलं.

स्पीकर बंद करायला लावून सखूबाईंनी धवला सुरू केला. धवल्यात घरच्या माणसांची नावं गुंफायची असतात. कुणी काय दिलं, कुणी काय केलं, सगळं गाण्यात येतं आणि गाण्यात आलेल्याला मांडवात कुणी उलटून बोलत नाही. आवाज चिरका झाला होता, पण सूर जागेवर होता.

*लुगरं कोनी दिलं गो, लुगरं कोनी दिलं,*
*गव्हानच्या गोदूबायनं मानाचं दिलं.*

मैनाने ओळ उचलली. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. किशोरी तिथेच खाली बसली.

*लुगरं कोनी कापलं गो, लुगरं कोनी कापलं,*
*गोदूबायच्या नातीनं, नवरीनं कापलं.*

मांडवात कुजबुज झाली. समीक्षाची मान खाली गेली. मैनाने ही ओळ मात्र अशी उचलली, की फ्लेक्सपलीकडच्या रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जावी. गुरुवारपासून घशात अडकलेला सगळा राग तिने त्या दोन ओळींत ओतला. सखूबाई ती पुरी होईपर्यंत थांबल्या. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही.

*पेटी कोनी उघरली गो, पेटी कोनी उघरली,*
*धवलारनीच्या मैनानं, लेकीनं उघरली.*

आणि त्या गप्प झाल्या, ओळ मागून येण्याची वाट बघत.

मैनाला आईच्या पाठीवरच्या दोन गाठी दिसत होत्या, तिनेच मारलेल्या. तिला वाटलं, इथूनच निघून जावं. चार लोकांत नाव घेतलं, पोटच्या पोरीचं! मग तिने पाहिलं, की समीक्षा पाटावरून मान वर करून तिच्याकडेच बघते आहे, घाबरलेल्या डोळ्यांनी. ओळ पडली तर ते कुणावर येतं, हे त्या पोरीलाही माहीत होतं.

मैनाने श्वास घेतला आणि ओळ उचलली. स्वतःच्या नावासकट, जशीच्या तशी.